रुग्णसेवेचा पेशा निवडताना : आधी नोंदणी, मग नोकरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी सकाळी एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. हातात प्लॅस्टिकची फाईल आणि फाईलमध्ये लॅमिनेशन केलेले प्रमाणपत्र. वर 'डिप्लोमा इन नर्सिंग केअर', मुदत एक वर्ष, खाली सोनेरी शिक्का. वडील सेंट्रिंगचे काम करणारे. त्यांनी हप्त्याहप्त्याने साठ हजार रुपये भरले होते. मुलीला जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविका पदासाठी अर्ज करायचा होता आणि अर्जात 'नोंदणी क्रमांक' असा एक रकाना होता. तो क्रमांक कुठून आणायचा, एवढेच विचारायला दोघे आले होते.

मी ते प्रमाणपत्र दोनदा उलटसुलट पाहिले. नोंदणी क्रमांक मिळण्याची काही सोयच नव्हती. ज्या संस्थेने ते दिले होते तिला कोणत्याही परिषदेची मान्यता नव्हती. हे त्या बापाला कसे सांगावे या विचारात माझा चहा निवून गेला. शेवटी सांगितलेच. ते काही बोलले नाहीत. मुलगी मात्र म्हणाली, "मॅडम, मी इंजेक्शन देते, सलाईन लावते. खासगी दवाखान्यात मला सगळे सिस्टरच म्हणतात."

अशी प्रमाणपत्रे नंतरही अनेक पाहिली. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माझी नोकरी वॉर्डात आणि नंतर परिचारिका विद्यालयात शिकवण्यात गेली. तेव्हा जास्त बोलणार ते परिचर्येबद्दल, म्हणजेच नर्सिंगबद्दल. बाकीच्या शाखांचा ओझरता उल्लेख करीन.

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की, रुग्णसेवेत 'काम येणे' आणि 'कामाचा अधिकार असणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवणकाम येत असेल तर शिवण टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. इथे तसे नाही. चुकीचे औषध गेले तर माणूस दगावतो, म्हणून कायद्याने नोंदवही ठेवली आहे. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली झाला, आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ साली आला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा केला आहे, त्यामुळे पुढे परिषदांची नावे आणि रचना बदलेल. पण नोंदणीचे तत्त्व तेच राहील. ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच परिचारिका किंवा परिचारक. ज्याचे नाही तो कितीही हुशार असला तरी मदतनीस.

मदतनिसाचे काम हलके असे मला मुळीच म्हणायचे नाही. 'जनरल ड्युटी असिस्टंट' सारखे काही महिन्यांचे सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत आणि घरची परिस्थिती तातडीची असेल तर ते जरूर करावेत. फक्त ते करताना आपण नर्स होत आहोत अशा समजुतीत कोणी राहू नये. फसवणूक नेमकी तिथेच होते. जाहिरातीत 'नर्सिंग' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. 'नोकरीची शंभर टक्के हमी' त्याहून मोठ्या अक्षरात असते. मान्यतेचा शब्दच नसतो, आणि असला तर कुठल्यातरी ट्रस्टचा किंवा परराज्यातल्या विद्यापीठाचा असतो.

मग मान्य अभ्यासक्रम कोणते? ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. यातूनच उपकेंद्रावरची आरोग्य सेविका तयार होते. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. यालाही कला शाखेची बारावी चालते, गुण मात्र किमान ४० टक्के हवेत, आणि मुलांनाही प्रवेश मिळतो. या दोन्हींच्या परीक्षा आता महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. खुल्या वर्गाला ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्क्यांची अट आहे. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. राज्याचा सीईटी कक्ष बी.एस्सी. नर्सिंगसाठी प्रवेश परीक्षा घेतो, तेव्हा बारावीच्या वर्षातच तिच्या अर्जाच्या तारखेवर लक्ष ठेवावे. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते आणि त्यानंतर एम.एस्सी. म्हणजे ए.एन.एम. सोडले तर कोणतीच वाट बंद होत नाही. ए.एन.एम. झालेल्या मुलीला मात्र जी.एन.एम. पुन्हा पहिल्या वर्षापासून करावे लागते, हे आधी माहीत असलेले बरे.

प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षीची मान्यता पाहावी. 'त्या वर्षीची' हा शब्द मी मुद्दाम वापरते. मान्यता एकदा मिळाली म्हणजे कायमची असे नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते, तीत संस्थेचे नाव आणि मंजूर जागा दोन्ही पाहाव्यात. चाळीस जागा मंजूर आणि वर्गात साठ मुली बसवलेल्या असा प्रकार असेल तर वरच्या वीस जणींचे पुढे काय होणार, हे विचारायलाच नको. दुसरे, संस्थेचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय कोणते आणि तिथे खाटा किती, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात परिचर्या शिकता येत नाही. पालकांना जायला संकोच वाटतो. ऑफिसमधला माणूस इंग्रजीत बोलेल अशी भीती असते. बोलू द्यावे. आपण मराठीतच विचारावे आणि उत्तर कागदावर मागावे.

आता पैशांचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, वर असेल तर शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर करायचे. पण त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही. 'आत्ता जागा घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर बघू' असे कुणी म्हणाले की तिथेच थांबावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शहरानुसार वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम भोजन, निवास आणि निर्वाहासाठी खात्यात जमा होते. आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुलांनी हा अर्ज केवळ माहिती नसल्यामुळे केला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

जात प्रमाणपत्राच्या बाबतीत आपल्याकडे एक विशिष्ट अडचण येते, ती जरा सविस्तर सांगते. पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. राज्यात नवबौद्ध म्हणून सवलती आधीपासून होत्या. केंद्रात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही आरक्षण मिळाले. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही, तिथे मूळ जातच आहे. म्हणून एम्स, रेल्वे किंवा लष्करी रुग्णालयासाठी केंद्राच्या नमुन्यातले, मूळ जातीचा उल्लेख असलेले वेगळे प्रमाणपत्र तहसील किंवा प्रांत कार्यालयातून काढून ठेवावे लागते. हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. राज्यातल्या प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, असे काहीही. ते शोधायला गावी चार-चार खेपा होतात. म्हणून अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. घरात सख्ख्या काकांची किंवा मोठ्या भावाची वैधता झालेली असेल तर काम बरेच सोपे होते.

शिक्षण पूर्ण झाले, नोंदणी झाली. आता नोकरी. सरकारी रुग्णालयात जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेली व्यक्ती अधिपरिचारिका म्हणून लागते, पुढे परिसेविका, आणि सेवा राहिली तर अधिसेविका. सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, महापालिका, कामगार विमा रुग्णालये या प्रत्येकाची भरती वेगवेगळी निघते. केंद्राच्या एम्स रुग्णालयांसाठी २०२० पासून 'नॉरसेट' ही एकच सामाईक परीक्षा आहे. आपल्या नागपूरचे एम्सही तीतच येते. पदवीधर थेट बसू शकतात. जी.एन.एम. झालेल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. वयाची अट तीस वर्षांची, अनुसूचित जातींना पाच वर्षे सूट. जागा ८० टक्के महिलांना, २० टक्के पुरुषांना. तेव्हा मुलांनीही 'ब्रदर' म्हणवून घ्यायला लाजू नये. मुलींसाठी लष्कराची परिचर्या सेवा हा आणखी एक मार्ग आहे. पुण्याचे ए.एफ.एम.सी. आणि मुंबईचे अश्विनी रुग्णालय धरून त्यांची सहा परिचर्या महाविद्यालये आहेत. तिथला प्रवेश 'नीट'च्या गुणांवरून होतो आणि शिक्षण संपल्यावर लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. डॉक्टरकीसाठी 'नीट' देऊन गुण कमी पडले म्हणून घरी रडत बसणाऱ्या किती मुलींना हे ठाऊक असते?

नॉरसेटचा अभ्यास म्हणजे पाठांतर असे समजून अनेक जण नापास होतात. तिथे वॉर्डातला हिशेब विचारतात. एक साधा नमुना देते. ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे, संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० म्हणजे एकूण १०,००० थेंब. ८ तास म्हणजे ४८० मिनिटे. १०,००० भागिले ४८०, उत्तर २०.८, म्हणजे २१ थेंब. पाचवीचे गणित आहे. पण रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ओकत असताना आणि नातेवाईक ओरडत असताना ते बिनचूक करता आले पाहिजे. माझ्या वर्गात मी हे गणित मुलींना उभे करून, मध्येच दुसऱ्या गोष्टी विचारत सोडवायला लावत असे. त्यांना राग येई. चालायचेच.

इंग्रजीची भीती हा आपल्या मुलांचा मोठा अडसर. पुस्तके इंग्रजीत आणि केसपेपरवरचे डॉक्टरांचे अक्षर देवाला ठाऊक. पण वॉर्डातली इंग्रजी ही वेगळी भाषा आहे, ती पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ सोपी. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे लागले तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. रोज एका केसपेपरातली औषधे वहीत उतरून घ्यावीत, प्रत्येकाचे काम आणि धोका मराठीत लिहावा. सहा महिन्यांत वही भरते आणि भीती जाते. उलट आपल्याला जे आयते येते त्याचे मोल आपल्याला कळत नाही. खेड्यातली बाई 'छाती भरून आलीय', 'अंगात कणकण आहे', 'जीव घाबरा होतोय' असे सांगते. ते नेमके कळणारी नर्स वॉर्डात असली तर डॉक्टरलाही दिशा मिळते.

खासगी रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पगार फार कमी देतात ही तक्रार खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली की, २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाने राज्य सरकारइतका पगार द्यावा, १०० च्या वर खाटा असतील तर तो फार तर १० टक्क्यांनी कमी असावा, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्क्यांनी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. ही शिफारस आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली आहे. पण पगाराची बोलणी करताना हा आकडा माहीत असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी यांत फरक पडतो. दुसरी गोष्ट, मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवू नयेत. दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ परत घ्यावीत. माझ्या एका विद्यार्थिनीची कागदपत्रे एका रुग्णालयाने बाँडच्या नावाखाली दोन वर्षे अडकवून ठेवली. तिची सरकारी नोकरीची संधी त्यापायी गेली.

आणि कामावर पहिल्या दिवशी जाण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. तीन डोस, पहिला, मग एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर रक्ततपासणी करून प्रतिपिंडे तयार झाली की नाही हे पाहावे. वापरलेली सुई टोचली तर काय होऊ शकते, याचा अंदाज असा : रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि आपण लस घेतलेली नसेल तर शंभरात तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते, हिपॅटायटिस सी असेल तर शंभरात दोन-तीन, एचआयव्ही असेल तर हजारात तीन. भीती सर्वांना शेवटच्याची वाटते आणि लस पहिल्याची घ्यायची राहते. सुईला टोपण पुन्हा लावू नये. टोचलीच तर जागा पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब सिस्टर इन्चार्जला कळवून नोंद करावी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. 'मॅडम रागावतील' म्हणून टोचलेली सुई लपवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. रागावणाऱ्या मॅडमचीच ती चूक, असे मी माझ्या वयाच्या सहकाऱ्यांनाही सांगत आले आहे.

इतर शाखांविषयी थोडक्यात. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस यांच्या तंत्रज्ञांना मागणी चांगली आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरोग्य विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम आहे, तो खासगी पदविकांपेक्षा केव्हाही बरा. या क्षेत्रासाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे, तेव्हा इथेही आता मान्यता पाहूनच प्रवेश घ्यावा. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेल्या काही मुलांना मी ओळखते, ज्यांनी आपले नोंदणी प्रमाणपत्र दुकानदाराला महिन्याच्या रकमेवर 'भाड्याने' दिले आहे आणि स्वतः दुसरीकडे काम करतात. घरबसल्या पैसे, असे त्यांना वाटते. उद्या त्या दुकानातून गुंगीच्या गोळ्या विनाचिठ्ठी विकल्या गेल्या तर चौकशीत नाव कुणाचे निघणार? असा व्यवहार केला असेल त्याने तो आजच मोडावा.

त्या पहिल्या मुलीबद्दल विचारणाऱ्यांसाठी सांगते. संस्थेकडून पैसे परत मिळाले नाहीत. चौकशीला गेलो तर तिथे मोबाईलचे दुकान निघाले. तिने तेविसाव्या वर्षी जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान मुलींबरोबर बसायला तिला पहिले वर्ष जड गेले. सलाईन लावायला तिला येत होतेच, पण ते कधी लावू नये हे तिथे शिकले, असे ती एकदा म्हणाली.

परदेशाविषयी अलीकडे फार विचारणा होते. इंग्लंडसाठी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक, अशा तीन पायऱ्या आहेत. अमेरिकेसाठी 'एनक्लेक्स' द्यावी लागते, ती भारतातही देता येते. जर्मनीसाठी जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकणे ही खरी कसोटी. रोज अभ्यास केला तरी साधारण वर्ष जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाबाबत करार केला, त्यामुळे शिकवणी वर्गांचे पेव फुटले आहे. वर्ग लावायला हरकत नाही, पण व्हिसाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला कायद्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. त्याची नोंदणी केंद्राच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. तीन लाख, पाच लाख मागणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी तो त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. नोकरीचा करार हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नये. करार इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असतो. पगार, कामाचे तास आणि मध्येच सोडल्यास द्यावी लागणारी भरपाई या तीन कलमांचा अर्थ मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. कुणाला तो वाचून हवा असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असते.